जर्मनीत जोडीदाराकडे जाताय? पदवीचं मूल्यांकन की नव्याने आउसबिल्डुंग

लग्न ठरलं, नवरा किंवा बायको जर्मनीत, आणि हातात मुंबई नाहीतर पुणे विद्यापीठाची बी.कॉम., बी.ए. किंवा बी.एस्सी. तिथे या पदवीला काही किंमत आहे का, हा प्रश्न व्हिसाच्या फाइलबरोबरच सुरू होतो. आधी एक चांगली गोष्ट: जोडीदार म्हणून मिळणाऱ्या परवान्यावर जर्मनीत पहिल्या दिवसापासून नोकरी करता येते. तेव्हा अमेरिकेत एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर अडकलेल्या मैत्रिणीचे अनुभव इथे लावू नका. इथे प्रश्न परवान्याचा नाही, कागद कुठला दाखवायचा याचा आहे.

पदवीचं मूल्यांकन की आउसबिल्डुंग (म्हणजे कंपनीत काम करत करत व्यवसाय शिकण्याचं प्रशिक्षण), ही तुलना काहींना वाचायची गरजच नाही. आयटीवाल्यांना नोकरीसाठी पदवीची सरकारी मान्यता लागत नाही. अनुभव आणि मुलाखत पुरते. डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट, शाळाशिक्षक यांच्यापुढे पर्यायच नाही, कारण हे व्यवसाय कायद्याने बांधलेले आहेत आणि मान्यतेशिवाय त्या नावाने काम करता येत नाही. नर्सना बहुधा कमतरतांची यादी हातात मिळते. ती पूरक प्रशिक्षण घेऊन किंवा परीक्षा देऊन भरून काढायची. बी.एड. झालेल्यांची मात्र खरी अडचण होते. जर्मन शिक्षक सहसा दोन विषय शिकवतो आणि आपल्याकडच्या पदवीत बहुतेकदा एकच विषय पुरेशा खोलीने झालेला असतो. पुन्हा भाषा जवळजवळ मातृभाषेइतकी यायला हवी.

उरले मधले: बी.कॉम., बी.ए., बारावी, आयटीआय. त्यांच्यापुढे दोन वाटा आहेत.

पहिली वाट: आहे त्या कागदाचं मूल्यांकन

सुरुवात फुकटात होते. अनाबिन या सरकारी संकेतस्थळावर आपलं विद्यापीठ शोधा. कॉलेजचं नाव टाकून काही सापडणार नाही, पदवी देणाऱ्या विद्यापीठाचं नाव टाका. मुंबई आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठापुढे 'एच प्लस' दिसेल, म्हणजे संस्था मान्य. पदवी वेगळी तपासायची. मग बॉनमधल्या झेडएबी या कार्यालयाकडे सुमारे २०० युरो भरून मूल्यांकन मागवता येतं. तुमची पदवी जर्मन पद्धतीत कुठल्या पातळीला बसते, हे त्यात लिहिलेलं असतं. तेवढंच. मालकावर ते बंधनकारक नाही. फक्त दहावी-बारावी असेल तर काम झेडएबीचं नाही, त्या-त्या राज्याच्या शिक्षण खात्याचं. अशी राज्यं १६ आहेत.

आपल्याकडच्या बायकांची फाइल अडते ती गुणांवर नव्हे, नावावर. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आईचं नाव वेगळ्या रकान्यात. लग्नानंतर काढलेल्या पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि नवं आडनाव. काही घरांत तर पहिलं नावसुद्धा बदललेलं. जर्मन कारकुनाला या दोन वेगळ्या बाया वाटल्या तर त्याचा दोष नाही. विवाह प्रमाणपत्र, नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत आणि या सगळ्याचं शपथबद्ध अनुवादकाने केलेलं भाषांतर एकत्र ठेवा. पदवीदान समारंभाला न गेल्यामुळे मूळ पदवी प्रमाणपत्र विद्यापीठातच पडून असेल तर ते निघण्याआधी घ्या. प्रोव्हिजनलवर भिस्त ठेवू नका. आणि एजंट म्हणतो म्हणून सगळ्या कागदांवर अपोस्टिल (परदेशात वापरायच्या कागदांवरचा सरकारी शिक्का) मारून घेऊ नका. अपोस्टिल करारातल्या भारताच्या सहभागावर जर्मनीने आक्षेप घेतलेला आहे, म्हणून तो शिक्का तिथे चालत नाही. कुठल्या कागदाची कशी पडताळणी लागते, ते वकिलातीच्या यादीतच बघा.

आयटीआयवाल्यांनी मात्र हीच वाट धरावी असं मी म्हणेन. फिटर, मशिनिस्ट अशा कारखानी व्यवसायांचे कागद न्यूर्नबर्गच्या आयएचके फोसा या परदेशी व्यवसाय-प्रमाणपत्रं तपासणाऱ्या कार्यालयाकडे जातात, कारागिरीच्या व्यवसायांचे स्थानिक हांडवेर्क्सकामर म्हणजे कारागीर मंडळाकडे. तुमच्या ट्रेडशी जुळणारा व्यवसाय तिथे बहुधा असतो, कामाचा अनुभवही मोजला जातो. अर्धी मान्यता मिळाली तरी उरलेलं काय शिकायचं ते स्पष्ट लिहून येतं.

दुसरी वाट: आउसबिल्डुंग

काही दिवस कंपनीत काम, काही दिवस व्यवसायशाळा, असं बहुधा तीन वर्षं. पहिल्या दिवसापासून विद्यावेतन. २०२५ मध्ये सुरू होणाऱ्यांसाठी पहिल्या वर्षाचं कायदेशीर किमान ६८२ युरो महिना होतं. नर्सिंगमध्ये सरकारी रुग्णालयं याच्या जवळपास दुप्पट देतात. कंपनीतल्या आउसबिल्डुंगला कायद्याने शालेय प्रमाणपत्राची अट नाही, कुणाला घ्यायचं ते कंपनी ठरवते. वयाची मर्यादाही नाही. आधीचं शिक्षण दाखवून मुदत वर्षभरापर्यंत कमी करून मागता येते, आणि २०२० पासून अर्धवेळ आउसबिल्डुंगही कुणालाही करता येते. लहान मूल असेल तर ही तरतूद लक्षात ठेवा.

त्रासही आहे. वर्गात शेजारी सतरा वर्षांची पोरं, शिक्षक स्थानिक बोलीत बोलणार, आणि नाशिकला सीएच्या ऑफिसात चार जणांना हाताखाली घेऊन काम केलेल्या बाईला पहिले काही महिने फाइली लावायला सांगणार. हे ज्यांना मानहानीचं वाटतं त्यांनी या वाटेला न गेलेलं बरं.

तरी याच बाईचं उदाहरण घेऊ. बी.कॉम., टॅली, जीएसटीची सवय. मूल्यांकन हातात आलं तरी जीएसटी तिथे निरुपयोगी. तिथला कर वेगळा, हिशेबाचे नियम वेगळे, ऑफिसात डाटेव्ह हे सॉफ्टवेअर. फ्रँकफुर्ट, बर्लिन, म्युनिकमध्ये इंग्रजीत चालणाऱ्या कंपन्यांच्या बिलं-देणी विभागात तिला जागा मिळू शकते, आणि घर तिथेच असेल तर वर्षभर तो प्रयत्न जरूर करावा. पण जोडीदार एखाद्या छोट्या गावातल्या कारखान्यात असेल तर कर सल्लागाराच्या ऑफिसातली आउसबिल्डुंगच तिला लवकर पोचवेल. शेवटी हातात येणाऱ्या जर्मन प्रमाणपत्राची किंमत कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

भाषा दोन्हीकडे सारखीच लागते. सरकारी इंटिग्रेशन कोर्समध्ये ६०० तास भाषेचे; तो बी१ पर्यंत नेतो (भाषेच्या पातळ्या ए१, ए२, बी१, बी२ अशा चढत जातात). ऑफिसच्या कामाला बी२ हवं. नवरा जर्मन नागरिक असेल तर ए१ व्हिसासाठीच लागतं. ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना) असलेल्याच्या बायकोला ती सूट आहे, आणि याच सूटमुळे पुष्कळजणी भाषेविना पोचतात आणि वर्षभर मागे पडतात. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आणि मॅक्सम्युलर भवन आहे, व्हिसाची वाट बघताना ए२ सहज होतं.

तोवर म्हणून धरलेल्या मिनीजॉबचं, म्हणजे ठरावीक कमाईपर्यंतच्या छोट्या नोकरीचं काय? मर्यादा २०२६ मध्ये महिना ६०३ युरो. सोयीचा आहे, पण त्यात बेरोजगार विमा नाही आणि कामावर भाषा फारशी कानावर पडत नाही. भाषेच्या वर्गाची वेळ सांभाळून होत असेल तर करा. वर्ग सोडून नको.

पूर्ण पगार मिळायला लागल्यावर जोडीदाराचा करवर्ग (पगारातून दरमहा किती कर कापायचा ते ठरवणारा गट) तीन आणि तुमचा पाच ठेवला तर हातात फारच कमी पडतं. मूल होऊ द्यायचा विचार असेल तर हे आधीच बदला, कारण पालकभत्ता हातात पडणाऱ्या पगारावर ठरतो.

आउसबिल्डुंग ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होते आणि मोठ्या कंपन्यांचे अर्ज जवळपास वर्षभर आधी जातात. करार करण्यापूर्वी त्याच ऑफिसात आठ-पंधरा दिवसांचं प्राक्टिकुम, म्हणजे काम बघायची-शिकायची संधी मागा; छोट्या कंपन्या सहसा नाही म्हणत नाहीत. सुरू झाल्यावरही एक ते चार महिने परीक्षणकाळ असतो आणि त्यात नोटीस न देता सोडता येतं.