छऱ्याच्या तीन बंदुका आणि मामांची बेदाणा शेड: दसऱ्यापासूनचा अनुभव

तीस हजारांच्या आत बंदुकांचा छोटासा संग्रह सुरू होतो का? होतो. पण सगळ्या छऱ्याच्या घ्यायच्या, आणि त्यातले एक तृतीयांश पैसे बंदुकीवर नाही तर छर्रे, ते अडवणारा सापळा आणि देखभालीवर जाणार हे धरून चालायचं. मी गेल्या दसऱ्याच्या आधी पहिली रायफल घेतली, खंडेनवमीला ती पूजेत मांडली, आणि संक्रांतीपर्यंत आणखी दोन आल्या. आता पावसाळाही निम्मा सरला आहे, तेव्हा लिहायला हरकत नाही.

आधी कायद्याचं, कारण सांगलीत बंदूक म्हटलं की लोकांना शेतीसंरक्षणाची परवान्याची बाराबोरच आठवते. ती हवी तर जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज, पोलीस पडताळणी, आणि निवडणूक लागली की ती जमा करायचा हुकूम. २०१९ च्या शस्त्र कायद्यातल्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. त्यामुळे आपल्यासारख्यांनी बारूदाच्या बंदुकांचा संग्रह करायचा विषयच संपतो. उरतात एअरगन, म्हणजे हवेच्या किंवा गॅसच्या दाबाने छर्रा सोडणाऱ्या बंदुका. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपर्यंत (०.१७७ इंच) आणि छऱ्याची ऊर्जा २० ज्यूलच्या आत असेल तर परवाना लागत नाही. यातली एक जरी मर्यादा ओलांडली तरी परवाना हवाच. दुकानदाराने माझ्या आधार कार्डाची प्रत घेतली, मी पक्कं बिल घेतलं, आणि ते बिल बंदुकीच्या पेटीतच असतं. जुनी बंदूक घेताना विकणाऱ्याकडून सही केलेली पावती आणि ओळखपत्राची प्रत मागून घ्या. त्यात संकोच वाटायचं काही कारण नाही.

हे २० ज्यूल काय प्रकरण आहे ते समजून घेतलं की खरेदी सोपी होते. साधा शिशाचा छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास भरतो. तो सेकंदाला २८० मीटर वेगाने सुटला तर ऊर्जा १९.६ ज्यूल, म्हणजे मर्यादेला टेकलीच. खोक्यावर मोठ्या अक्षरात '१००० फूट प्रति सेकंद' असं छापलेलं असतं, ते ३०५ मीटर झालं. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा खरंच त्या वेगाने गेला तर २३ ज्यूल होतील! असे आकडे बहुतेक हलक्या मिश्रधातूच्या छऱ्यावर काढलेले असतात. आणि मुळात त्या वेगाचा उपयोग काय? १० मीटरच्या स्पर्धेतल्या लाखांच्या रायफली छर्रा सेकंदाला १७५ मीटरच्या आसपास वेगाने सोडतात, म्हणजे जेमतेम ८ ज्यूल. कागदाला भोक पाडायला तेवढं पुष्कळ झालं. वेगाच्या आकड्यासाठी दोन-तीन हजार जास्त मोजू नका, ते चाप चांगला असलेल्या बंदुकीवर घाला.

पहिली रायफल प्रेसिहोल या भारतीय कंपनीची, स्प्रिंगवरची, नळी मोडून भरायची. साधारण बारा हजारांना पडली. इतक्या महिन्यांनंतर माझं मत असं की पहिली बंदूक म्हणून हीच जात घ्यावी. पंप नको, सिलिंडर नको, काही नको. पण स्प्रिंगची रायफल एनसीसीच्या पॉइंट टू-टू (०.२२ इंची) रायफलीसारखी खांद्यात घट्ट दाबून धरली की नेम भरकटतो. मी कॉलेजात टू-टू चालवलेली, त्यामुळे हा फरक मला लगेच जाणवला. चाप ओढल्यावर आतला दट्ट्या पुढे धावतो, त्याने बंदूक मागे सरकते, मग दट्ट्या टोकाला आपटतो आणि बंदूक पुढे ढकलली जाते. हे सगळं छर्रा नळीत असतानाच घडतं. म्हणून डावा तळहात उघडा ठेवायचा, रायफल त्यावर नुसती टेकवायची, खांद्याला हलकी लावायची आणि तिला दर वेळी एकसारखी हलू द्यायची. हे अंगवळणी पडलं आणि कागदावर लिंबाएवढी पसरणारी भोकं करंगळीच्या नखावर मावू लागली.

याच दुहेरी धक्क्याने माझी दुर्बीण गेली. शहरातल्या एका दुकानात 'कुठल्याही रायफलीला चालते' असं सांगून गळ्यात मारली होती. एक डबा छर्रे संपायच्या आत आतली फुली तिरकी झाली, आणि परत घ्यायला दुकानदाराने साफ नकार दिला. बारूदाच्या बंदुकीला चालणारी दुर्बीण स्प्रिंगच्या एअरगनवर टिकेलच असं नाही, कारण तिला दोन्ही दिशांचा धक्का सोसावा लागतो. एअरगनसाठी म्हणून बनवलेलीच घ्या. खरं तर पहिले सहा महिने कुठलीच घेऊ नका. पुढची माशी आणि मागची खाच यावर हात बसू द्या.

दुसरी रायफल या तिघींत माझी सगळ्यात लाडकी. जुनी आयएचपी, मिरजेतल्या एका ओळखीच्या घरात माळ्यावर पडलेली, चार हजारांना मिळाली. आयएचपी म्हणजे इंडियन ह्यूम पाइप, सिमेंटचे नळ करणारी वालचंद हिराचंदांची कंपनी. आमच्या विश्रामबागेतल्या इंजिनिअरिंग कॉलेजला ज्यांचं नाव आहे तेच वालचंद. घरी आणली तेव्हा ती छर्रा नळीच्या तोंडाशी नेऊन सोडत होती, त्यात जोरच नव्हता. उघडली तर दट्ट्याला चामड्याचा वायसर, सायकलच्या पंपात असतो तसाच, वाळून पापडासारखा झालेला. नवा कापून घेतला, रात्रभर तेलात मुरवला, जास्तीचं तेल पुसून काढून बसवला. पहिले काही बार धूर काढत आणि मोठा आवाज करत सुटले. दाबाने तापलेल्या हवेत तेलाचा अंश पेटतो, म्हणून तसं होतं. थोडा वेळच असेल तर चिंता नाही, पण आवाज होतच राहिला तर तेल जास्त झालंय असं समजा. नव्या बंदुकीच्या दट्ट्याच्या खोलीत तर तेल घालूच नका.

दस्त्याचं लाकूड निस्तेज झालं होतं. मिरजेत तंतुवाद्यं बनवणाऱ्या एका कारागिराकडे तो घेऊन गेले. सतारी, तंबोऱ्यांच्या मध्ये बंदुकीचा दस्ता बघून ते आधी जरा थबकले, मग अंगठा ओला करून लाकडावर फिरवला, रेषा बघितली आणि म्हणाले, "ताई, लाकूड चांगलंय. रंग देऊ नका, लाखेचं पॉलिश करतो." कापडाच्या बोळ्याने थरावर थर देऊन त्यांनी तो दस्ता असा काही उजळला की आता नवी रायफल शेजारी ठेवली तर लोकांचा हात आधी जुनीकडे जातो.

तिसरं पिस्तूल. तेही स्प्रिंगचं, भारतीय बनावटीचं, पाच हजारांच्या आतलं. गॅसच्या छोट्या बल्बवर चालणारं मी मुद्दाम घेतलं नाही. दर काही बारांनी नवा बल्ब, तो खर्च संपत नाही. शिवाय कार्बन डायऑक्साइडचा दाब हवामानावर ठरतो. २० अंशांना तो साधारण ५७ बार (हा बार म्हणजे दाबाचं एकक) असतो, १० अंशांना ४५ वर येतो. आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटे आणि एप्रिलच्या दुपारी तेच पिस्तूल दोन वेगळ्या उंचीवर मारणार. स्प्रिंगच्या पिस्तुलाचा चाप जड आहे आणि भरताना मनगट दुखतं, हे मात्र खरं. तिघांत सगळ्यात कमी समाधान याचंच. तरी हात स्थिर करायला याच्यासारखा मास्तर नाही. पिस्तुलाच्या अधिकृत लक्ष्यावर दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असतं, रायफलीचं फक्त अर्ध्या मिलिमीटरचं. एवढे फरक का ठेवलेत ते एका हाताने नेम धरल्यावर कळतं.

छऱ्यांवर पैसे वाचवू नका. जत्रेत फुगे फोडायला जे छर्रे देतात तसल्या स्वस्त डब्यात निम्म्यांचे घेर चेपलेले निघतात. तीच रायफल, तेच १० मीटर, तोच हात, आणि चपट्या डोक्याचे मॅच छर्रे घातले की विस्कटलेली भोकं एकमेकांना चिकटतात. गामो, एचअँडएन, आरडब्ल्यूएस असे दोन-तीन डबे आणून प्रत्येकाचे दहा-दहा बार कागदावर मारा. नळी आपली आवड स्वतः सांगते. माझ्या आयएचपीला महागडा छर्रा मुळीच पटला नाही, मधल्या किमतीचा पटला.

आता जागा. आमच्या गच्चीवर चारी बाजूंनी शेजार, तिथे प्रश्नच नव्हता. तासगावकडे मामांची बेदाण्याची शेड आहे. लांबच लांब, वर पत्रा, बाजूला हिरवी जाळी. फेब्रुवारी ते एप्रिल रॅकवर द्राक्षं वाळत असतात तेव्हा तिथे पाऊल ठेवायचं नाही, पण बाकीचं वर्ष ती रिकामी. जाळी छर्रा अडवणार नाही, म्हणून टोकाला खोलीची पक्की भिंत आहे त्या अंगालाच नेम. भिंतीपुढे सापळा: कुपवाड एमआयडीसीतल्या वेल्डरकडून करून घेतलेली लोखंडी पेटी, आत पंचेचाळीस अंशांत खाली झुकलेला जाड पत्रा, पुढे जुन्या चिंध्या आणि मग कागद. छर्रा पत्र्याला लागून खाली पडतो, उलट फिरत नाही. पत्रा उभा लावला तर तो सरळ तोंडावर येऊ शकतो. सापळा असला तरी डोळ्याला चष्मा हवाच, बघणाऱ्यांनाही. बार चालू असेतो पुढे कोणी जायचं नाही, आणि मोडलेली नळी छर्रा घालताना दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवायची, कारण ती सटकून मिटली तर बोट जातं. छर्रे शिशाचे असतात, हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावायचा नाही, हे मामी मुलांना माझ्याआधी सांगतात.

शेजारच्या वस्तीवरची पोरं "ताई, पारवा मारा की" म्हणून मागे लागतात. पाखरावर बंदूक रोखायची नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे, आणि तो नसता तरी माझं उत्तर हेच असतं. रिकाम्या डब्यावर नेम धरायला दिला की पोरं तासभर हलत नाहीत.

बंदुका मात्र शेडमध्ये ठेवत नाही. बेदाण्याला गंधकाची धुरी देतात, तो वायू आणि दमट हवा मिळून लोखंडाला खातात. घरी आणल्यावर घामाचे हात लागलेली प्रत्येक जागा तेलाच्या फडक्याने पुसायची. स्पंजवाल्या पेटीत पावसाळाभर बंद करून ठेवू नका, स्पंज ओल धरतो. मी सुती कापडात गुंडाळून कुलपाच्या कपाटात ठेवते, छर्रे वेगळ्या कुलपात. आषाढात पिस्तुलाच्या चापाजवळ तांबूस ठिपका दिसला होता, तेवढाच. तेलाने निघाला.

चौथी घ्यायची तर ती भाचीसाठी असेल. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत या कोल्हापूरच्या नेमबाजांची नावं ती लहानपणापासून ऐकते. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत ब्राँझ मिळवलं तेव्हापासून तर घरात दुसरा विषय नाही. कोल्हापूर आपल्याला शेजारीच, त्यामुळे तिला ते परकं वाटत नाही. स्पर्धेला आधीच दाब भरून ठेवायची पीसीपी लागते, म्हणजे २०० बारच्या घरातला दाब आणि तो भरायला पंप. हे तीस हजारांत बसत नाही. तिचा कोच अजून वर्षभर क्लबची रायफल वापर म्हणतो, आणि ते मला पटतं. तोवर तिच्या वाटचे मॅच छर्रे मी आणून देते, आणि ती रविवारी शेडमध्ये जुनी आयएचपीच मागते.