डी.एल.एड. की चार वर्षांचं इंटिग्रेटेड? दोन्हीकडे बसून आलेल्या माणसाचं मत

ताईची मुलगी बारावी झाली, गोव्यात डिचोलीला असते, प्राथमिक शिक्षिका व्हायचंय म्हणते. गेले पंधरा दिवस एकच प्रश्न, मामा डी.एल.एड. करू की ते चार वर्षांचं नवीन? (डी.एल.एड. म्हणजे प्राथमिक शिक्षकांचा दोन वर्षांचा डिप्लोमा; नवीन म्हणजे आयटेप, डिग्री आणि बी.एड. एकत्र असलेलं चार वर्षांचं इंटिग्रेटेड.) फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगून झालं, आता एकदाच लिहून काढतो, म्हणजे तिलाही होईल आणि याच पेचात असलेल्या बाकीच्यांनाही.

आधी माझं सांगतो, कारण मी काही तटस्थ माणूस नाही. बारावीनंतर मी चार वर्षांच्या बी.ए.बी.एड.ला गेलो होतो. तेव्हा आयटेप वगैरे काही नव्हतं, जुनंच इंटिग्रेटेड. दीड वर्ष केलं, तिसऱ्या सेमिस्टरनंतर सोडलं आणि डी.एल.एड.ला ॲडमिशन घेतली. घरी काय झालं असेल कल्पना करा, बाबा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, आणि आई येईल त्याला सांगायची की पोराला डिग्री मिळत होती ती टाकून डिप्लोमाला गेला. आता सत्तरी तालुक्यात एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवतो, मधल्या काळात बी.ए. पण बाहेरून करून टाकलं. तर दोन्हीकडची चव घेतलेली आहे, एकीकडची पूर्ण आणि एकीकडची अर्धी, एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

पात्रता, फॉर्म हे तुम्हाला माहितीच असणार. फक्त एक गोष्ट अजूनही लोक विचारतात म्हणून सांगतो. साधं बी.एड. करून प्राथमिकला लागू असा विचार असेल तर तो सोडा, 11 ऑगस्ट 2023 ला सुप्रीम कोर्टाने ते दार बंद केलंय. मी सोडलेलं बी.ए.बी.एड. पूर्ण केलं असतं तर मीसुद्धा आज त्या दाराबाहेरच असतो. लोक म्हणतात बघ, तू किती पुढचं ओळखलंस. काही ओळखलं नव्हतं हो, मी वेगळ्याच कारणाने वैतागून बाहेर पडलो होतो.

ते कारण म्हणजे सूक्ष्मपाठ.

ज्यांनी केलंय त्यांना हसू येईल. ज्यांनी नाही केलं त्यांच्यासाठी थोडक्यात: एकेक कौशल्य सुटं काढून घोटायचं, प्रश्न कौशल्य, प्रबलन (म्हणजे शाबासकी देऊन उत्तेजन), फलक लेखन, सज्जता प्रवर्तन (म्हणजे पाठासाठी मुलांना तयार करणं) असं. सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं बाकीच्यांनी चुका सांगायच्या, बारा मिनिटांत पाठ सुधारून लिहायचा, परत सहा मिनिटं शिकवायचं, परत सहा मिनिटं चुका. एकूण छत्तीस मिनिटं. कल्पना वाईट नाही, 1960च्या दशकात अमेरिकेत स्टॅनफर्डला निघाली, पण तिथे समोर खरी शाळेतली मुलं बसवायचे. आपल्याकडे आणताना मुलं तिथेच राहिली. आपल्याकडे समोर बसतात आपलेच वर्गमित्र, मुलं झाल्यासारखे.

आता डोळ्यांसमोर आणा, मी दुसरीला हातच्याची वजाबाकी शिकवतोय आणि दुसरीतला विद्यार्थी म्हणून पहिल्या बाकावर बसलाय माझा फोंड्याचा मित्र, दाढीमिशा आलेला, बाहेर बुलेट लावून आलेला. मी विचारतो, बाळांनो बेचाळीसातून सतरा गेले किती? हा हात वर करतो आणि गोड आवाज काढून म्हणतो, पंचवीस, सर! मी म्हणतो शाब्बास. मागे निरीक्षक म्हणून बसलेली मुलगी तक्त्यात प्रबलनाच्या रकान्यात एक रेघ मारते. असं सहा मिनिटं. मला त्या पाठाला वर्गात सगळ्यात जास्त मार्क पडले होते.

आणि त्याच आठवड्यात शेजारच्या मुलाचा अभ्यास घ्यायला बसलो, तो दुसरीतच होता, खरा. त्याने बेचाळीस वजा सतरा केलं आणि उत्तर लिहिलं पस्तीस. मी म्हटलं कसं काय रे? तर म्हणाला, दोनातून सात जात नाहीत ना, मग सातातून दोन काढले. बाई म्हणाल्या लहानातून मोठं जात नाही. म्हणजे पोरगं चुकलेलं नव्हतं, आम्हीच शिकवलेला नियम ते इमानदारीत पाळत होतं. आणि मला पुढे काय बोलायचं ते सुचेना. दीड वर्ष शिक्षण शिकत होतो आणि सुचेना! कारण माझ्या दाढीवाल्या विद्यार्थ्याने मला कधी पस्तीस उत्तर दिलंच नव्हतं. मोठ्या माणसाला चुकायचं नाटक करता येतं, पण पोरं ज्या कारणाने चुकतात ते कारण त्याला आठवत नाही, ते त्याच्या डोक्यातून कधीच पुसलं गेलेलं असतं.

मी सरांना जाऊन विचारलं की खऱ्या शाळेत कधी जायचं. ते म्हणाले त्याला वेळ आहे, आधी कौशल्यं पक्की होऊ देत. त्यांचंही चुकीचं नव्हतं, कार्यक्रम तसाच आखलेला होता. पण माझं मन तिथून उडालं ते उडालंच.

डी.एल.एड.मध्ये सूक्ष्मपाठ नव्हते असं नाही हां. होते, तीच नाटकं, तेच तक्ते. पण दोनच वर्षं असल्यामुळे कोणाला ते लांबवायला वेळच नसतो, लवकर शाळेत ढकलतात. आणि एकदा शाळेत गेलं की रोज कोणीतरी पस्तीस उत्तर देतंच. मार्गदर्शक शिक्षिका होत्या त्यांनी मला पाठ घेऊच दिला नाही पहिल्यांदा. म्हणाल्या पहिल्यांदा झाडूचे हीर घेऊन ये घरून. माडाच्या हिरांचे सारखे तुकडे केले, दहादहाच्या जुड्या बांधल्या, चार जुड्या आणि दोन सुटे म्हणजे बेचाळीस. आता सतरा दे म्हटलं. पोराने दोन सुटे दिले, थांबला, माझ्याकडे बघितलं, मग आपणहून जुडीचा दोरा सोडला. हातचा म्हणजे काय ते त्या दिवशी मलाच पहिल्यांदा कळलं बहुतेक.

भाषेचंही तेच. मराठी माध्यमाची शाळा, पण घरी कोकणी. पोरगं म्हाका जाय म्हणतं, तुम्ही लगेच मला पाहिजे असं म्हण म्हणून अडवलं की ते चार दिवस काही मागतच नाही. त्यात मराठी आकड्यांची गंमत, एकोणतीस म्हणजे तिसाच्या आधीचा, ऐकू येतं तीस आणि लिहायचा दोन आधी. बालभारतीने 2019 साली दुसरीच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन असं आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, मीही हसलो होतो, पहिलीच्या वर्गात उभा राहिल्यावर हसू जरा कमी झालं. असल्या गोष्टी वर्गमित्रांना मुलं करून कशा शिकणार?

आता दुसरी बाजू, ती पण खरी आहे. वाचन. इंटिग्रेटेडच्या दीड वर्षात मी जे वाचलं ते डिप्लोमाच्या दोन वर्षांत वाचलं नाही. पियाजे, वायगॉट्स्की हे मुलं कशी शिकतात ते मांडणारे मानसशास्त्रज्ञ तिथे नीट वाचायला लावले, भांडायला लावले. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचं काय काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर कशा राहिल्या, हे मला तिथल्या लायब्ररीतच कळलं. डिप्लोमात वेळच नसतो, पियाजेचे चार टप्पे पाठ करा आणि पुढे चला. पस्तीस उत्तर देणारं पोरगं समजायला शेवटी तेच वाचन कामाला आलं हे कबूल करतो.

आणि आजचं आयटेप म्हणजे माझं जुनं इंटिग्रेटेड नव्हे. 2023-24 पासून देशातल्या 57 संस्थांत ते सुरू झालं, त्यात पायाभूत टप्पा, पूर्वतयारी टप्पा असं वेगवेगळं निवडता येतं, म्हणजे लहान मुलांसाठीच शिकून डिग्री मिळते, जे माझ्या त्या कोर्सात नव्हतं. माझी मामेबहीण महाराष्ट्रात ते करतेय, तिची पाठांची टाचणं बघितली, आमच्यापेक्षा बरीच बरी आहेत. सूक्ष्मपाठाचं विचारलं तर हसली आणि म्हणाली दादा ते काही गेलेलं नाही. शिवाय 2020च्या शैक्षणिक धोरणात सरळ लिहिलंय की 2030 पर्यंत शिक्षकाची किमान पात्रता चार वर्षांचं इंटिग्रेटेड बी.एड. करणार. तेव्हा डिप्लोमा करून पुढे अडकणार का, ही भीती खोटी नाही, मी ती उडवून लावणार नाही.

फक्त गोव्यापुरती एक बारीक अडचण मला दिसते. आयटेपमधला पायाभूत टप्पा दुसरीला संपतो, पूर्वतयारी तिसरी ते पाचवी. आपल्या सरकारी प्राथमिक शाळा पहिली ते चौथी. आणि गावातल्या शाळेत शिक्षक एक नाहीतर दोन, म्हणजे एकाच खोलीत पहिली-दुसरीला हीर मोजायला लावून तिसरी-चौथीला गणेशचतुर्थीची माटोळी (गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात ती) काढायला लावायची, नारळ, सुपारीचे घड, चिबूड, कांगलां, कुठलं रानातलं कुठलं कुळागरातलं, म्हणजे सुपारीच्या बागेतलं, ते लिहा, आणि मध्येच कोणीतरी रडतंय ते बघायचं. इथे माझा टप्पा हा नव्हे असं म्हणायची सोय नाही. बहुवर्ग अध्यापनाचा सराव मला डिप्लोमाच्या शाळांत मिळाला, तोही शिकवला म्हणून नाही, दुसरा शिक्षक रजेवर होता म्हणून.

पैशाचं आणि वर्षांचं गणित प्रत्येकाच्या घरचं वेगळं, त्यात मी पडत नाही. टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, दोन्हीकडच्यांना द्यावीच लागते, दीडशे प्रश्न, खुल्या गटाला पास व्हायला नव्वद मार्क, तिथे कोणी कोणाच्या पुढे नाही. हायस्कूलकडे जायचं मनात असेल, गोव्याबाहेर जायची तयारी असेल, किंवा पुढे एम.एड. करून शिक्षकांनाच शिकवायचं असेल तर चार वर्षांचंच घ्या, यात मला शंका नाही. पण गावातल्या छोट्या शाळेत पहिलीच्या पोरांबरोबरच राहायचंय हे पक्कं असेल तर मी आजही आधी डी.एल.एड. करीन आणि डिग्री मागाहून बाहेरून उरकीन, 2030 ला काय होतं ते तेव्हा बघू. चूकही असेल माझं. कुठेही गेलात तरी ॲडमिशनच्या आधी तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठून एवढंच विचारा, खऱ्या मुलांसमोर पहिल्यांदा कधी उभे राहिलात? उत्तर द्यायला ती जितका वेळ घेतील तितकं समजून जा.

भाचीला म्हटलं फॉर्म दोन्ही भर, पण आधी दोन दिवस माझ्या वर्गात येऊन बस. आली. पहिलीतल्या एका मुलीने तिला अठरा लिहून दाखवले, 81. ही म्हणाली चूक आहे ग. मुलगी म्हणाली, आठ आधी ऐकू येतात ना? भाची माझ्याकडे बघायला लागली, मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहिलो. फॉर्म अजून भरलेला नाही तिने, पण काल संध्याकाळी मेसेज आला, मामा, हीर किती लांबीचे कापायचे?