स्लीव्ह की बायपास? आम्हा बहीण-भावाची दोन ऑपरेशनं

वजनाच्या ऑपरेशनबद्दल विचारायला माझ्याकडं सारखं कुणी ना कुणी येतं. कधी दुकानात गिऱ्हाईक म्हणून आलेला माणूस जाताना हळूच विषय काढतो, कधी पाहुण्यांतून फोन येतो. प्रश्न ठरलेला असतो: स्लीव्ह करू की बायपास? मी डिसेंबर 2021 मध्ये स्लीव्ह केली. माझ्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, मार्च 2023 मध्ये बायपास केली. एकाच घरचं खाऊन वाढलेली, एकाच हाडापेराची आम्ही दोघं. मी डॉक्टर नाही, भांड्यांचा दुकानदार आहे. पण ही दोन्ही ऑपरेशनं घरात रोज जगताना पाहिली आहेत, तेवढ्यावरून सांगतो.

2021 च्या जुलैमध्ये कोल्हापुरात महापूर आला तेव्हा शाहूपुरीतल्या दुकानातला माल वर चढवायचा होता. दर चार पायऱ्यांना मी भिंतीला हात लावून उभा राहत होतो आणि माझा पंधरा वर्षांचा मुलगा पितळी घागरी दोन्ही हातांत घेऊन माझ्या शेजारून वर-खाली करत होता. त्या रात्री मी ठरवलं. वजन 128 किलो, उंची पाच फूट सात इंच, बीपीची गोळी, आणि झोपेत श्वास अडकतो म्हणून तोंडावर मशीन. आक्काची गोष्ट वेगळी होती. उंची पाच फूट एक इंच, वजन 104 किलो, पण खरं दुखणं शुगरचं. चौदा वर्षांची शुगर, दिवसाला दोन वेळा इन्सुलिन, आणि तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए1सी) 9.4 टक्के. माझा त्रास वजनाचा होता, तिचा साखरेचा. हा फरक आधी नीट समजून घ्या, पुढची बरीचशी निवड त्यातूनच होते.

आत काय करतात ते थोडक्यात. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे 75 ते 80 टक्के भाग कापून कायमचा काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी ठेवतात. आतड्याला हात लावत नाहीत. ग्रेलिन नावाचं भूक लावणारं संप्रेरक जास्त करून जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं आणि नेमका तोच भाग जातो. म्हणून सुरुवातीचे काही महिने भूकच लागत नाही. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला साधारण 30 मिलीची पिशवी वेगळी करतात आणि लहान आतडं कापून थेट तिला जोडतात. उरलेलं जठर पोटातच राहतं, पण अन्न त्यात जात नाही. आतड्याचा सुरुवातीचा भागही अन्नाच्या वाटेतून वगळला जातो. मिनी बायपास म्हणून आणखी एक प्रकार आहे, त्यात दोनऐवजी एकच जोड असतो. आपल्याकडं तोही बराच होतो, पण त्यात पित्तरस उलटा जठरात येण्याची शक्यता असते. आमच्या घरात तो कुणी केलेला नाही, म्हणून त्याबद्दल जास्त बोलत नाही.

(आपल्याकडं बायपास म्हटलं की लोकांना हृदयच आठवतं. आक्काकडं गल्लीतल्या बायका सहा महिने छातीची विचारपूस करायला येत होत्या. दुसऱ्या डॉक्टरकडं गेलात तर 'पोटाची बायपास' असं स्पष्ट सांगा.)

पहिला महिना दोघांचा जवळजवळ सारखाच गेला. ऑपरेशनआधी दोन आठवडे कमी कॅलरीचं खाणं, लिव्हर आकसावं म्हणून. ऑपरेशनच्याच दिवशी संध्याकाळी उठवून चालवतात, पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून. श्वासाच्या व्यायामाचं तीन छोट्या चेंडूंचं यंत्र ओढत बसायचं. मग दोन आठवडे नुसतं पातळ, पुढचे दोन आठवडे वाटलेलं, मग मऊ, आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचं जेवण. औषधाच्या बाटलीबरोबर मिळणारा छोटा कप असतो ना, तो माझ्या उशाशी असायचा. त्यातलं मुगाच्या डाळीचं पाणी संपवायला मला दहा-बारा मिनिटं लागायची. एक घोट जादा झाला की छातीच्या मधोमध दगड ठेवल्यासारखं व्हायचं आणि तोंडाला पाणी सुटायचं. जेवताना पाणी नाही, जेवणाआधी आणि नंतर अर्धा तास नाही, हा नियम दोघांनाही जन्मभराचा.

प्रोटीनचं गणित मात्र आधीच मनाशी करून ठेवा. दिवसाला किमान 60 ग्रॅम लागतं. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम असतं, म्हणजे दहा अंड्यांएवढं, आणि पोटात जागा अर्ध्या वाटीची. त्यामुळं पानात आधी अंडं, पनीर, दही, खिमा, आणि भाकरीचा नंबर शेवटी. आमच्या घरात रविवारी मटण असतंच. पहिल्यांदा पांढरा रस्सा घेतला तेव्हा चार चमच्यांत पोट भरलं आणि भरल्या ताटावरून उठताना मला रडू आलं. कोल्हापुरात माणसाची माया वाढण्यात असते. नको म्हटलं की वाढणाऱ्याचा चेहरा उतरतो. घरच्यांना हे आधीच समजावून ठेवा. तिसऱ्या महिन्यानंतर दोघांचेही केस मूठ-मूठ गळले आणि पुढं आपोआप थांबले.

आता पुणे की कोल्हापूर. मी पुण्यात केलं, आक्कानं इथंच. मला तिथल्या सर्जनचं नाव कुणीतरी सांगितलं होतं आणि मी भुललो. घरी आल्यावर आठव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, पाण्याचा घोटही ठरेना. पुणे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. रात्री इथल्या एका दवाखान्यात गेलो तर ड्यूटीवरचे डॉक्टर हात लावायला तयार नव्हते, ज्यांनी केलं त्यांच्याकडंच जा म्हणाले. शेवटी ओळखीच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि फोनवर पुण्याला बोलून व्हिटॅमिन बी1 चं इंजेक्शन दिलं. उलट्या चालू राहिल्या तर बी1 कमी पडून नसांना इजा होते, हे मला तेव्हा कळलं. ताप, पोटात जोराची कळ, डाव्या खांद्यात दुखणं, नाडी 120 च्या वर, असं काहीही झालं तर शिवण गळत असण्याची शंका धरून तासाभरात सर्जनपुढं उभं राहावं लागतं. त्या वर्षीच्या पुरात शिरोलीजवळ पुण्याकडं जाणारा महामार्ग बंद पडला होता. तशात हे झालं असतं तर? म्हणून माझं म्हणणं असं की सर्जन अनुभवी हवाच, पण पहिला महिनाभर तुम्ही त्याच्या हाताशी राहायला हवं. पुण्यात करायचं तर तिथं पाहुण्यांकडं महिनाभर मुक्काम ठेवा.

आता मुख्य फरकाकडं येतो. माझ्या बाबतीत तो ऍसिडिटीचा.

मला आधीपासून रात्री घशाशी यायचं. तिखट खाणारं गाव, त्यात काय विशेष, म्हणून मी कुणाला बोललो नाही. पुण्यातही कुणी खोदून विचारलं नाही आणि एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून तपासणी, न करताच ऑपरेशन झालं. स्लीव्हची नळी अरुंद असते, आतला दाब वाढतो, आणि वरची झडप ढिली असेल तर आम्ल वर फेकलं जातं. आधी त्रास असेल तर तो वाढू शकतो, नसेल तर नव्यानं सुरू होऊ शकतो. दुसऱ्या वर्षापासून मी दोन उशा घेऊन झोपतो. रात्री आठनंतर जेवलो की दोन वाजता कडू-आंबट पाणी नाकापर्यंत येऊन ठसका लागतो, बायको उठून पाठीवर हात फिरवत बसते. रोज सकाळी उपाशीपोटी पित्ताची गोळी. वजन उतरलं, श्वासाचं मशीन सुटलं, बीपीची गोळी सुटली, त्याचं समाधान फार मोठं आहे. पण आधी दुर्बीण घालून पाहिलं असतं तर मला स्लीव्ह सुचवलीच नसती, असं आता इथले डॉक्टर म्हणतात. बायपासमध्ये ऍसिडिटी उलट कमी होते. आक्काची गेली.

आणि तिची साखर. इन्सुलिन दोन महिन्यांत पूर्ण थांबलं, वजन अजून फारसं उतरलेलं नसताना. अन्न आतड्याच्या पुढच्या भागात लवकर पोचतं, तिथून जीएलपी-1 सारखी संप्रेरकं जास्त सुटतात आणि साखर आवरते, असं तिला समजावलं होतं. स्लीव्हमध्येही साखर सुधारते, पण शुगर जुनी आणि इन्सुलिनवर असेल तर बायपासचं पारडं जड. तरीही चौदा वर्षांची शुगर पूर्ण गेली नाही. एक गोळी चालू आहे आणि सरासरी 6.1 आहे.

ह्याची किंमत ती रोज मोजते. एकदा जानेवारीत आम्ही गुऱ्हाळावर गेलो होतो. भाच्यानं ताज्या काकवीची वाटी तिच्या हातात दिली, तिनं दोन चमचे घेतले. दहा मिनिटांत तिला दरदरून घाम फुटला, छाती धडधडायला लागली, पोटात मुरडा. "आरं, हाताला कापरं भरलंय बघ," म्हणत ती उसाच्या चिपाडांच्या ढिगाला टेकून खाली बसली. ह्याला डंपिंग म्हणतात. गोड भसकन आतड्यात उतरलं की असं होतं. मला काकवी पचते. ती तेव्हापासून गोडाला हात लावत नाही.

दुसरी किंमत गोळ्यांची. लोह आणि कॅल्शियम शरीर जिथं मुख्यतः शोषून घेतं तोच आतड्याचा भाग बायपासमध्ये वगळलेला असतो. त्यामुळं लोह, कॅल्शियम सायट्रेट, डी3, बी12, मल्टीव्हिटॅमिन जन्मभर. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर, लोहावर लगेच चहा नाही. आक्काकडं सात खणांची डबी आहे, दर रविवारी ती भरते. स्लीव्हवाल्यांनीही ह्यात ढिलाई करू नये. मी दुसऱ्या वर्षी गोळ्या सोडल्या, बी12 घसरलं आणि तळपायाला मुंग्या यायला लागल्या. चूक सर्वस्वी माझी.

तिसरी किंमत दुखऱ्या गुडघ्यांची. बायपासनंतर डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन अशा वेदनाशामक गोळ्या टाळायच्या असतात, जोडाच्या जागी अल्सर होतो. विडी-सिगारेटनंही होतो. आक्काच्या पाकिटात पाठीमागं लिहिलेलं एक कार्ड आहे: "पोटाची बायपास झाली आहे. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन देऊ नये." गावाकडं एकदा सुई भरून तयार होती, ते कार्ड दाखवल्यावर बाजूला ठेवली. शिवाय वर्षानुवर्षांनीही आतडं आत अडकून जोराची कळ येऊ शकते, ती पित्त समजून घरी सोसायची नाही.

किलोंचा हिशोब सांगतो, कारण तो सगळे विचारतात. मी वर्षात 128 वरून 92 वर आलो, आज 97 आहे. आक्का 104 वरून 72 वर आली, आज 74. म्हणजे वजन सगळ्यात खाली होतं तेव्हा मी 28 टक्के उतरलो होतो, ती जवळजवळ 31. फरक आहे, पण एवढ्यासाठी ऑपरेशन निवडू नये.

पैशांचं म्हणाल तर बायपास थोडी महाग पडते. विम्यातून मिळण्यासाठी बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) 40 किंवा त्याहून जास्त, नाहीतर 35 किंवा त्याहून जास्त आणि सोबत हृदयविकार, गंभीर स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं) किंवा आटोक्यात नसलेली शुगर असावी लागते. 2022 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशी आशियाई लोकांसाठी 27.5 पासूनच विचार करा म्हणतात. म्हणजे डॉक्टर हो म्हणाले तरी विमा कंपनी नाही म्हणू शकते. लेखी मंजुरी आल्याशिवाय तारीख घेऊ नका.

वजन उतरवायच्या इंजेक्शनांचंही विचारतात. मौंजारो मार्च 2025 मध्ये आणि वेगोवी जूनमध्ये भारतात आली. वजन उतरतं, पण बंद केली की बरंचसं परत येतं, आणि खर्च दर महिन्याचा. वजन फार नसेल तर आधी त्याबद्दल जरूर बोला. माझ्यासारख्या 128 किलोच्या माणसाला मी आजही ऑपरेशनच सांगेन.

आता कुणी समोर बसलं की मी आधी दोनच गोष्टी विचारतो: जुनी शुगर आहे का, आणि रात्री घशाशी येतं का? दोन्हीपैकी एकाला जरी हो असेल तर बायपासबद्दल सर्जनशी बोला. दोन्हीला नाही असेल आणि गुडघ्यासाठी सारख्या वेदनाशामक गोळ्या लागत असतील, तर स्लीव्ह बरी. एंडोस्कोपी मात्र कुठल्याही परिस्थितीत मागून घ्या. ज्यांना मूल हवंय त्यांनी दोन्हींनंतर वर्ष-दीड वर्ष थांबायचं असतं.

माझ्या स्लीव्हची आता बायपास करायची का, हे पुढच्या महिन्यात ठरेल. असं करता येतं, आणि ऍसिडिटी हे त्याचं नेहमीचं कारण आहे. आधी दुर्बीण घालून अन्ननलिका किती भाजली आहे ते बघणार आहेत. आक्का सोबत येणार आहे. तिनं माझ्यासाठी सात खणांची एक डबी आत्ताच घेऊन ठेवली आहे.