वाळूज ते रॉटरडॅम: कंटेनरचा कार्बन कोणत्या वाटेने किती?

युरोपातला खरेदीदार हल्ली दराबरोबर आणखी एक रकाना भरून मागतो: वाहतुकीत किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला? छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजचे सुटे भाग असोत की मराठवाड्याचा केसर, हा रकाना बहुतेक ठिकाणी अंदाजपंचे भरला जातो. रेल्वे की ट्रेलर, जहाज की विमान, हे ठरवायचे असेल तर आधी हिशेब मांडून बघा. खालचे आकडे २० टन मालाच्या एका कंटेनरचे आहेत.

| टप्पा | अंतर (किमी, सुमारे) | कार्बन (टन) |
|---|---|---|
| वाळूज–न्हावा शेवा, ट्रेलरने येऊन-जाऊन | ७०० | ०.५४ |
| माळीवाडा–न्हावा शेवा रेल्वे, कारखाना ते डेपो ट्रेलर धरून | ४०० | ०.२ |
| न्हावा शेवा–रॉटरडॅम, सुएझमार्गे | ११,७०० | २.७ |
| न्हावा शेवा–रॉटरडॅम, आफ्रिकेला वळसा घालून | २०,००० | ४.६ |
| मुंबई–नेदरलँड्स, विमानाने | ६,९०० | ८३ |

ट्रेलरचा आकडा डिझेलवरून काढला आहे: लिटरला साडेतीन किलोमीटर धरले तर २०० लिटर, आणि एक लिटर डिझेल जळले की २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड. रेल्वेला टन-किलोमीटरमागे (एक टन माल एक किलोमीटर नेण्यामागे) २० ग्रॅम, मोठ्या कंटेनर जहाजाला १० आणि विमानाला ६०० ग्रॅम धरले आहेत. जहाज नकाशावरच्या सर्वांत जवळच्या रेषेने जात नाही, म्हणून समुद्री अंतरात १५ टक्के वाढ धरायची पद्धत आहे. ती इथे धरली आहे. जहाज लहान किंवा अर्धे रिकामे असेल तर १० चे १६ सहज होतात.

विमानाबद्दल चर्चेला जागाच नाही. केसरच्या एका किलोमागे चार किलोहून जास्त कार्बन जातो. पण आंब्याचा निर्णय कार्बनवर नाही, दिवसांवर अडतो. केसर १२-१३ अंशांवर ठेवावा लागतो. त्याहून खाली नेला तर साल काळवंडते आणि फळ नीट पिकत नाही. दुबईला जहाज तीन-चार दिवसांत पोहोचते, तिथे विमानाचा हट्ट सोडावा. युरोपला आफ्रिकेच्या वळशाने महिना उलटतो, तो केसरला झेपत नाही. शिवाय रीफर, म्हणजे थंड ठेवणारा, कंटेनर वाटभर जहाजाची वीज खातो. त्याचा आकडा साध्या कंटेनरच्या दराने काढला तर तो कमीच भरतो.

कोरड्या मालासाठी खरी निवड जमिनीवरच्या टप्प्यात आहे. साडेतीनशे किलोमीटरचा रस्ता, येऊन-जाऊन धरला तर, पावणेबारा हजार किलोमीटर समुद्राच्या पाचव्या हिश्शाइतका कार्बन सोडतो, आणि तुमच्या हातात असलेला टप्पा तोच आहे. समृद्धी महामार्गामुळे ट्रेलर लवकर पोहोचतो, कार्बन मात्र फारसा घटत नाही. रेल्वेने तो निम्म्याहून कमी होतो, पण दोन गोष्टी आधी पाहा. कंटेनर गाडीला ४५ वाघिणी, म्हणजे २० फुटी ९० डबे (कंटेनर) लागतात. रेक (पूर्ण गाडी) भरला नाही तर डबा डेपोत पडून राहतो, बंदराची कट-ऑफ (माल पोहोचवायची शेवटची वेळ) चुकते आणि माल पुढच्या जहाजावर ढकलला जातो. दुसरे, तुमच्या शिपिंग लाइनचा रिकामा डबा माळीवाड्यात आहे का, हे विचारा. तो न्हावा शेव्याहून ट्रेलरवर आणावा लागला तर बचतीचा मोठा भाग तिथेच संपतो. महिन्याला ठरावीक डबे आणि तारखेत आठवडाभराची सवड असेल तर रेल्वे घ्या. एखाद-दुसरा तातडीचा डबा असेल तर ट्रेलरच बरा.

जहाज निवडताना नुसता दर पाहू नका. वेग १० टक्के कमी केला तर फेरीमागे इंधन सुमारे १९ टक्के वाचते. उलट, वळसा घालणारे जहाज वेळापत्रक गाठायला वेग वाढवते तेव्हा अंतर आणि इंधन दोन्ही वाढतात. एलएनजीवरचे (द्रवरूप नैसर्गिक वायूवरचे) जहाज तेवढ्याच ऊर्जेसाठी जड तेलाच्या पाऊणपट कार्बन डायऑक्साइड सोडते, पण इंजिनातून न जळता निसटणारा मिथेन ही बचत खाऊ शकतो. नुसत्या ‘ग्रीन’ शिक्क्यावर जास्तीचे पैसे मोजू नका.

‘हे तर देशाच्या हिशेबात येतच असेल’ असे कोणी म्हणाले तर ते बरोबर नाही. राष्ट्रीय हिशेबात देशांतर्गत जलवाहतूक मोजतात. आंतरराष्ट्रीय जहाजांना देशात विकलेले इंधन वेगळ्या नोंदीत दाखवतात, एकूण बेरजेत धरत नाहीत. न्हावा शेव्याहून निघालेल्या जहाजाने फुजैरा (यूएई) किंवा सिंगापूरला इंधन घेतले तर ते भारताच्या त्या नोंदीतही येत नाही. झेंड्यावरून मोजावे तर पनामा आणि लायबेरिया पुढे येतात, कारण तिथे नोंदणी स्वस्त आणि सोपी. जगाच्या उत्सर्जनात जहाजांचा वाटा २०१८ मध्ये २.८९ टक्के होता, आणि त्यातला फार मोठा भाग असा कोणाच्याच खात्यावर पडत नाही. म्हणून मालाप्रमाणे मोजणे आम्हाला सर्वांत प्रामाणिक वाटते: माल ज्याचा, कार्बन त्याचा.

पैशांत बोलायचे तर युरोपने २०२४ पासून ५,००० ग्रॉस टनेजवरच्या (हे जहाजाच्या आकाराचे माप) जहाजांना कार्बन परवाने, म्हणजे उत्सर्जनाच्या टनामागे विकत घ्यायचे परवाने, लावले. युरोपबाहेरून येणाऱ्या फेरीचा निम्मा कार्बन मोजतात. २०२४ च्या उत्सर्जनापैकी ४० टक्क्यांचे, २०२५ च्या ७० टक्क्यांचे आणि २०२६ पासून पूर्ण १०० टक्क्यांचे परवाने भरायचे. टनाला ७० युरो धरले तर आपल्या डब्यावर सुएझमार्गे सुमारे ९५, वळशाने १६० युरो येतात. बिलात याहून बराच मोठा अधिभार दिसला तर त्याची फोड मागा. जालन्याच्या स्टीलवाल्यांनी याची आणि सीमेवरच्या कार्बन शुल्काची, म्हणजे सीबॅमची, गल्लत करू नये. ते भट्टीतल्या उत्सर्जनावर आहे, युरोपपर्यंतच्या जहाजभाड्याचा कार्बन त्यात धरत नाहीत.

रकाना भरताना चुका ठरलेल्या असतात. एका टप्प्याला फक्त इंधन जळतानाचा कार्बन आणि दुसऱ्याला इंधन तयार करण्यापासूनचा, अशी सरमिसळ होते. वरच्या तक्त्यातला ट्रेलरचा आकडा पहिल्या प्रकारचा आहे. हलका माल असेल, समजा ४० फुटी डब्यात आठच टन, तर टनावरचा दर फसवा ठरतो, तिथे डब्यामागचा दर वापरा. जेबेल अली (दुबई) किंवा सलाला (ओमान) इथे डबा दुसऱ्या जहाजावर चढवला असेल तर दोन्ही जहाजे वेगळी मोजा. फॉरवर्डरकडून (मालवाहतूक ठरवून देणाऱ्या मध्यस्थाकडून) चार गोष्टी लेखी घ्या: जहाजाचे नाव, प्रत्यक्ष मार्ग, टन-किलोमीटरचा दर, आणि तो दर आयएसओ १४०८३ (वाहतुकीतला कार्बन मोजण्याचे आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणे आहे का.