उणे ४० चा आकडा आणि २६ हजारांचं ‘नवं’ मीटर

मे महिना, परभणी, भर दुपार, आणि मोटरसायकलच्या मीटरवर बाहेरचं तापमान उणे ४०. हसण्यासारखीच गोष्ट, पण या आकड्यापायी माझ्या खिशातून २६ हजार रुपये गेले. ज्यांच्या गाडीच्या डिजिटल मीटरवर हवेचं तापमान दिसतं आणि ज्यांना सर्व्हिससाठी गाडी दुसऱ्या जिल्ह्यात न्यावी लागते, त्यांनी हे नीट वाचा.

हे तापमान मोजणारा सेन्सर म्हणजे कुणी सांगतं तसली मोठी भानगड नाही. हेडलाइटच्या खाली किंवा पुढच्या फेअरिंगच्या (प्लास्टिकच्या आवरणाच्या) आत बोटाच्या पेरापेक्षा लहान एक थर्मिस्टर असतो, त्याला दोन वायर. ऊन वाढलं की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, थंडी पडली की वाढतो. वायर तुटली किंवा कनेक्टर सुटला की रेझिस्टन्स अफाट झाला असं मीटर धरतं, म्हणजे त्याच्या लेखी कडाक्याची थंडी. मग काही गाड्या नुसत्या दोन रेघा दाखवतात, माझी उणे ४० दाखवते. दोन्ही वायर एकमेकींना चिकटल्या तर उलट होतं, आकडा वर जाऊन बसतो. म्हणजे उणे ४० दिसलं की पहिला संशय वायरवर घ्यायचा. मीटरचा नंबर सगळ्यात शेवटी.

मी गाडी नेली त्या संभाजीनगरच्या गॅरेजात क्रम उलटा लागला. मोठं गॅरेज, काचेची केबिन, एसी. गाडी आत घेताना काउंटरवरच्या पोराने इंजिन चालू ठेवूनच किलोमीटर आणि पेट्रोलचा फोटो काढला, मलाही व्हॉट्सॲपवर पाठवला. “आत बसा साहेब, चहा घ्या.” थोड्या वेळाने हेडमेकॅनिकने बोलावलं. मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा लागलेला, हातातल्या स्कॅनरवर बिघाडाचा कोड पी ०११३. “बघा, टेम्परेचरचाच एरर आहे. सेन्सर नवा लावून बघितला, तरी जात नाही. मीटरचा बोर्ड गेलाय. आज टेम्परेचर गेलं, उद्या स्पीड जाईल, परवा गाडी रस्त्यातच बंद पडंल.” मी स्क्रीनचा फोटो काढून घेतला. गाडी घ्यायला गेलो तेव्हा मीटर चकचकीत, वर नवा स्क्रीन गार्ड, तापमान ४१. किलोमीटर मात्र जुनेच. “नव्या मीटरमध्ये टाकून दिले साहेब, कायद्याने टाकावेच लागतात.” जुनं मीटर मागितलं तर म्हणे ते कंपनीला परत पाठवावं लागतं. पक्कं बिल मागितलं तर म्हणे सिस्टीम डाउन आहे, मेलवर येईल. हातात पडला तो साधा कागद. त्यावर ना जीएसटी नंबर, ना पार्ट नंबर.

काही आठवड्यांनी हँडल डावीकडे वळवलं की पुन्हा उणे ४०. सरळ केलं की ४२. आमचे दाजी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा ट्रेड शिकवायचे, आता रिटायर आहेत. त्यांना ते दोन्ही फोटो दाखवले. चष्मा कपाळावर सारून म्हणाले, “आरं, पी ०११३ म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा सेन्सर. तुझ्या मीटरवरच्या तापमानाचा न् त्याचा काय संबंध?”

गोम इथेच होती. गाडीत हवेचं तापमान मोजणारे सेन्सर दोन असतात. एक एअर फिल्टरच्या बाजूला, तो इंजिनला पेट्रोल किती द्यायचं त्यासाठी. दुसरा पुढचा, तो तुम्हाला आकडा दाखवण्यासाठी. पहिल्याचा कनेक्टर काढून चावी फिरवली की पी ०११३ कोड येणारच, पिवळा दिवाही लागणार. माझ्या गाडीत पुढचा सेन्सर थेट मीटरला जातो, इंजिनच्या स्कॅनरला तो दिसतसुद्धा नाही. आणि गाडी आत घेतानाच्या फोटोत इंजिन चालू आहे, आरपीएम दिसतोय, पिवळा दिवा विझलेला आहे. मी चहा पीत होतो तेवढ्यात तो कोड ‘तयार’ झाला.

दाजींनी मल्टिमीटर काढला. कुणालाही जमेल असं काम आहे. पुढच्या सेन्सरचा कनेक्टर काढायचा, चावी ऑन करायची, वायरिंगच्या बाजूने दोन पिनांमध्ये व्होल्टेज बघायचं. पाचच्या आसपास आलं तर मीटर आणि वायर दोन्ही ठीक. आमचं हँडल सरळ असताना पाच, डावीकडे वळवलं की शून्य. मग सेन्सर सुटा करून ओहमवर लावला आणि मुठीत धरला, आकडा सरसर उतरला. बर्फाच्या पाण्यात धरला, चढला. बाजारात सर्रास मिळणारा दहा हजार ओहमचा थर्मिस्टर २५ अंशांना दहा हजार दाखवतो, बर्फाच्या पाण्यात तीस हजारांच्या पुढे जातो आणि आपल्याकडच्या मे महिन्यात चार-पाच हजारांवर येतो. तुमच्या गाडीचे नेमके आकडे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतात.

म्हणजे सेन्सर जिवंत, मीटर जिवंत. टाकीखाली स्टिअरिंगच्या मानेजवळ वायरिंग उघडलं तर तुटलेली वायर नुसती पीळ देऊन काळ्या टेपने गुंडाळलेली. टेपचा चिकटा उन्हाने पाझरलेला. शेजारीच फॉग लॅम्प बसवताना आवळलेला झिप टाय, मूळ वायर त्यानेच कापली होती. मग मीटर खोलायला घेतलं. मागच्या स्क्रूंच्या खाचांत आमच्या शेतरस्त्याची काळी माती वाळून घट्ट बसलेली. त्यांना पाना लागलाच नव्हता. स्क्रीन गार्ड सोलला तर कोपऱ्यातला माझ्याच अंगठीचा ओरखडा जसाच्या तसा. दाजींनी वायर सोल्डर केली, वरून हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) चढवली. खर्च सांगायचीही लाज वाटते.

जाता जाता गॅरेजवाल्यांची दुसरी एक युक्तीही सांगतो, कारण आमच्या एका दोस्ताकडून तिच्यावर पैसे काढलेत. गाडी उन्हात उभी असली किंवा सिग्नलला थांबली की इंजिनाची आणि डांबराची धग सेन्सरला लागते, मीटर ५० च्या वर जातं. त्याच दिवशी इथल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची नोंद ४३ असते, कारण तिथला तापमापक झडपांच्या लाकडी पेटीत, सावलीत असतो. पाच-दहा मिनिटं वेगात चालवल्यावर आकडा उतरत असेल तर बिघाड काही नाही. त्यासाठी कुणी नवा सेन्सर गळ्यात मारत असेल तर गाडी काढून घ्या.

बाकी, गाडी देताना मीटरचा फोटो आपणही काढा, इंजिन चालू ठेवून. जुना पार्ट हातात घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथा धरली आहे, हे काउंटरवर मोठ्याने म्हणा. सिस्टीम लगेच ‘अप’ होते असं ऐकून आहे.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. गॅरेजचं उत्तर आलं की असा कागद आम्ही दिलाच नाही. कागदावर शिक्का नाही, हे खरं. पैसे मात्र यूपीआयने गेलेत आणि पावतीवर दुकानाचं नाही, त्या हेडमेकॅनिकचं नाव आहे. आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. अर्जासोबत दोन्ही फोटो, ती पावती आणि सोललेला स्क्रीन गार्ड जोडणार आहे.