कोपरातल्या नसेचं ऑपरेशन, त्यानंतरचं पडणं आणि पुढचे महिने

हा अनुभव उजव्या हाताच्या अल्नर नसेच्या ऑपरेशनचा आहे. कोपर दारावर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिणी जाते, ती याच नसेमुळे. कोपराच्या आतल्या बाजूला हाडामागच्या अरुंद खोबणीतून ती जाते आणि हात वाकवला की तिथली जागा आणखी कमी होते. मनगटातल्या कार्पल टनेलच्या खालोखाल हातातली नस दबण्याची हीच नेहमीची जागा. माझं काम शिवणाचं, त्यामुळे दिवसभर कोपर वाकलेलं आणि मशीनच्या फळीवर टेकलेलं. मी लिहिते आहे ते मुख्यतः त्यांच्यासाठी, ज्यांचं ऑपरेशन नीट पार पडलं आणि नंतर मार लागून दुखणं परत आलं.

ऑपरेशनआधीची स्थिती थोडक्यात सांगते. करंगळी आणि तिच्या शेजारचं अर्धं बोट बधिर, रात्री कोपरापासून खाली जळजळ, चिमटीत टाचणी धरवत नव्हती, आणि अंगठा व तर्जनीच्या मधला मांसल भाग खोल गेला होता. हा खोलगटपणा पाहिल्यावर डॉक्टरांनी ऑपरेशनचं पक्कं सांगितलं. नुसत्या मुंग्या येत असतील तर आधी रात्री हात सरळ ठेवणं आणि कामाची पद्धत बदलणं एवढ्यावर बऱ्याच जणांचं भागतं. स्नायू झिजायला लागल्यावर मात्र थांबण्यात अर्थ नाही, हे माझं ठाम मत आहे. या ऑपरेशनचे दोन मुख्य प्रकार. एकात नसेवरचा पट्टा कापून तिला मोकळं करतात, दुसऱ्यात तिला उचलून हाडाच्या पुढच्या बाजूला आणतात. माझी नस हात वाकवला की हाडावरून घसरत होती, म्हणून पुढे आणली. नस जागची हलत नसेल तर साध्या मोकळं करण्यानेही तेवढाच फायदा होतो आणि जखमेत संसर्गाचा धोका कमी असतो. कोणता प्रकार करणार आणि का, हे आधी विचारून घ्या.

पहिले दोन महिने चांगले गेले. रात्रीची जळजळ जवळजवळ थांबली. मग तिसऱ्या महिन्यात बाजारातून येताना मागून दुचाकीचा धक्का लागला आणि मी उजव्या हातावरच पडले.

त्या रात्री जे सुरू झालं ते ऑपरेशनच्या आधीपेक्षा वाईट होतं. कोपरापासून करंगळीपर्यंत वीज चमकल्यासारखी कळ, आणि कातडीवर ब्लाउजची बाही टेकली तरी चटका. पंख्याचं वारंसुद्धा नको वाटे. सगळं वाया गेलं, आता पुन्हा चिरफाड, याशिवाय डोक्यात दुसरं काही येत नव्हतं. हे पलीकडच्या खोलीत फोनवर डॉक्टरांची वेळ घेत होते आणि मी हात उशीवर ठेवून रडत होते.

दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं. मग डॉक्टरांनी दुखण्याबद्दल विचारलं कमी आणि हात तपासला जास्त. बोटं फाकवायला लावली, करंगळी जवळ ओढायला लावली, अंगठा आणि तर्जनीच्या कडेमध्ये कागद धरायला देऊन तो ओढला. अंगठा तर्जनीकडे ओढणारा स्नायू कमकुवत असेल तर कागद टिकवायला अंगठ्याचं टोक आपोआप वाकतं. माझं वाकलं, पण पडण्याच्या आधी वाकत होतं तेवढंच. ताकद कमी झालेली नाही, असं ते म्हणाले. मी लगेच नसेची तपासणी (नस आणि स्नायू किती चालतात ते यंत्राने मोजणारी) करा म्हणून मागे लागले तेव्हा त्यांनी नकार दिला. नसेतले तंतू तुटले असतील तर त्याचा पूर्ण परिणाम स्नायूच्या तपासणीत दिसायला दोन-तीन आठवडे जातात, आज केली तर खोटा दिलासा मिळेल, हे कारण त्यांनी समजावलं. तीन आठवड्यांनी केली. आधीपेक्षा बिघाड नव्हता.

इथे मला जे समजलं ते या सगळ्या लिखाणाचं कारण आहे. दुखणं किती आहे आणि नसेचं नुकसान किती आहे, या दोन गोष्टी एकत्र चालतातच असं नाही. नसेच्या इजेचे तीन दर्जे हर्बर्ट सेडन यांनी १९४३ मध्ये मांडले, ते डॉक्टरांनी मला कागदावर काढून दाखवले. पहिल्यात तंतू शाबूत असतात, फक्त नसेतून संदेश जाणं थांबतं, आणि ते काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येतं. दुसऱ्यात आतले तंतू तुटतात पण त्यांची वाट शिल्लक राहते, म्हणून ते पुन्हा वाढू शकतात. तिसऱ्यात नस पूर्ण तुटते आणि ती आपली आपण जुळत नाही. नुकती मोकळी केलेली, भरत असलेली नस मार लागल्यावर चिडते आणि पहिल्या दर्जाच्या इजेतसुद्धा जीव नकोसा करते. उलट बधिरपणा पसरतोय, चिमूट सुटतेय आणि दुखत मात्र फारसं नाही, हे जास्त काळजीचं लक्षण आहे.

म्हणून मी दुखण्याला आकडे देणं बंद केलं आणि वहीत तीन गोष्टी लिहू लागले: बधिरपणाची हद्द कुठे आहे (पेनाने हातावर रेघ मारून), कागद किती टिकतो, आणि ब्लाउजचे हुक डाव्या हाताच्या मदतीशिवाय लागतात का. रोज नाही, आठवड्याने. रोज पाहिलं तर काहीच हललेलं दिसत नाही आणि मन खचतं.

तुटलेला तंतू वाढण्याचा वेग दिवसाला साधारण १ मिलिमीटर, म्हणजे महिन्याला एक इंचाच्या आसपास. टेप घेऊन कोपरापासून अंगठ्याच्या बेचक्यापर्यंत मोजलं तर बारा इंच भरलं. हे मोजल्यावर माझी तगमग बरीच शांत झाली, कारण सहाव्या महिन्यात चिमूट परत यायलाच हवी हा हट्ट सुटला. फिजिओथेरपीवाली मुलगी नसेच्या वाटेवर बोटाने हलके ठोकत यायची, जिथे करंगळीत झिणझिणी उठेल तिथपर्यंत नवे तंतू पोचले असं धरायचं. ही खूण झ्यूल टिनेल या फ्रेंच डॉक्टरांच्या नावाने ओळखली जाते, १९१५ पासून. ती जागा दर महिन्याला मनगटाकडे सरकताना पाहणं हा मला मिळालेला सगळ्यात मोठा धीर होता. "काकू, इथे झिणझिणी आली म्हणजे वाईट नाही, ती पुढे चाललीय," असं ती म्हणायची.

आता वापरलेल्या गोष्टींबद्दल. रात्री हात वाकू नये म्हणून तयार मिळणारा कडक पट्टा घेतला होता. उन्हाळ्यात त्यात घाम येऊन पुरळ उठलं आणि तो घट्ट झाला की नसेवरच दाब यायचा. जाडसर टॉवेल कोपराभोवती गुंडाळून वरून सैल क्रेप बँडेज, हे स्वस्त आणि माझ्या मते जास्त चांगलं. दिवसा मशीनवर बसताना मऊ पॅड मात्र विकतचंच वापरा आणि मऊ बाजू कोपराच्या आत येऊ द्या.

साध्या वेदनाशामक गोळ्यांचा या दुखण्यावर फारसा उपयोग झाला नाही. प्रेगाबालिन या नसेच्या दुखण्यावरच्या गोळीने झोप परत मिळाली, पण सकाळी गरगरायचं आणि वजन वाढलं. ती गोळी मनाने एकदम बंद करू नये, हळूहळू कमी करावी लागते. बी-१२ मी तपासून घेतलं, ते कमी निघालं, म्हणून इंजेक्शनं घेतली. आमच्यासारख्या शाकाहारी घरांत ते कमी असणं नेहमीचं आहे. पण पातळी ठीक असताना वर्षानुवर्षं त्या लाल गोळ्या खाण्यात मला अर्थ दिसत नाही. साखरही तपासा, मधुमेहात नसा आधीच नाजूक असतात. कातडीवर लावायच्या मशीनच्या करंटने चालू असेपर्यंत बरं वाटायचं, नंतर जैसे थे. विकत घेऊ नका, फिजिओकडे वापरून पाहा.

स्पर्शाच्या सरावाने मात्र खूप फरक पडला. बाही सहन होत नव्हती तेव्हा दुकानातलेच तुकडे काढले: आधी मलमल, मग वापरलेलं सुती, मग खादी, आणि शेवटी जरीचा काठ. थोडा थोडा वेळ, दिवसातून अनेकदा, चटका बसायला लागला की थांबायचं. जरीपर्यंत पोचायला दोन-अडीच महिने गेले. नसेचे सरकवण्याचे व्यायामही तितकेच मोलाचे, पण त्यात जोर लावायचा नसतो. नेफ्यात नाडी सरकते तशी नस तिच्या वाटेत मागेपुढे व्हायला हवी. हात ताणून धरला तर दुसऱ्या दिवशी दुखणं दुप्पट.

आणि कुणी कितीही आग्रह केला तरी नस बसवणाऱ्याकडे जाऊ नका. सासूबाईंच्या माहेरकडून दोन नावं आली होती. पुढे आणलेली नस कातडीच्या अगदी खाली असू शकते, तिच्यावर अंगठ्याने रगडणं म्हणजे पुन्हा इजा. मी हात जोडून नाही म्हटलं.

पडल्यावर वाट पाहू नये अशी लक्षणंही सांगते. बोटं नव्याने वळेनाशी होणं, बधिरपणा वाढत जाणं, जखमेतून पू किंवा ताप, आणि हाताला सूज येऊन रंग बदलणं, तो कधी गरम कधी गार पडणं, भलताच घाम येणं. शेवटच्या तिन्हीचा एक वेगळा आजार असतो आणि त्यावर लवकर उपचार केले तर फायदा होतो.

आज स्थिती अशी आहे. जळजळ नाही, झोप पुरी होते. करंगळीचं टोक बधिर आहे आणि थंडीत ते जास्त जाणवतं. टाचण्या धरता येतात, हुक लागतात. हाताने काज करायला अजून जमत नाही, ते काम दुकानातली मुलगी करते. जड कात्री ठेवून दिली आणि स्प्रिंगची हलकी घेतली, ती आता बरं झालं तरी बदलणार नाही. बेचक्यातला खड्डा पूर्ण भरलेला नाही. स्नायूपर्यंत वर्ष-दीड वर्षात नस पोचली तर तो सावरायची आशा जास्त असते, आणि माझी मुदत अजून संपलेली नाही. प्रेगाबालिन फक्त रात्रीची राहिली आहे. दिवाळीनंतर पुन्हा नसेची तपासणी आहे, चिमटीची ताकद तेव्हा यंत्रावर मोजणार आहेत. आकडे आले की इथेच खाली लिहीन.