काटा मारणारा वजनकाटा : आठ महिन्यांच्या वापरानंतर

घरच्या वजनकाट्याची तक्रार केली होती, त्यावर काल कंपनीचा मेल आला. 'सर, हा दोष नसून फीचर आहे.' म्हणून हे लिहायला बसलो. फीचर म्हणे! मी परभणीच्या मोंढ्यात आडत दुकानावर अठरा वर्षं हिशेब लिहितोय. आमच्या दुकानातल्या काट्याने असलं फीचर दाखवलं तर वैधमापनवाले काटा उचलून नेतील, आणि त्यांच्या आधी शेतकरी आम्हाला उचलतील.

काटा तोच, काचेचा, ब्लूटूथवाला, वर चार चकचकीत पट्ट्या, ॲपमध्ये तेरा आकडे. दसऱ्याला ऑनलाइन मागवला, १,३४९ रुपये. काच मजबूत आहे, सेल अजून पहिलेच चालू आहेत. हे आधी सांगून टाकतो, नाहीतर म्हणाल गडी नुसता शिव्या द्यायला बसला.

पहिल्या दिवशी ९४.६ भरलो. उंची पाच फूट सात इंच, वय ४४. पथ्य कोणतं हे शोधत बसायची आपल्याकडे गरज पडत नाही. डॉ. जगन्नाथ दीक्षित लातूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात होते, तेव्हापासून मराठवाड्यात घरटी एक तरी माणूस 'दोन वेळा, ५५ मिनिटं'वाला सापडतो. मीही तेच धरलं. दोन जेवणं, मध्ये काही नाही, पहाटे कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर पाऊण तास चालणं. पहिल्या पंधरा दिवसांत तीन किलो गेले. मी खूश, काटा खूश, ॲपने फटाके उडवले. अंबाजोगाईला डॉक्टरकी शिकणारा भाचा म्हणाला, "मामा, यातलं बरंचसं पाणी आहे." शरीर साठवलेल्या साखरेच्या दर ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं, साठा उतरला की पाणीही जातं. मी ऐकल्यासारखं केलं. कमी झालेलं वजन कोणाला पाणी वाटतं?

सासरवाडी लातूरची, त्यामुळे येळवस, म्हणजे शेतात जेवायची वेळा अमावस्या, चुकवता येत नाही. शेतात बसून भज्जी, आंबील, खीर सगळं हाणलं, तरी दोन-चार दिवसांत आकडा परत खाली. संक्रांतीला ८७.४.

आणि तिथंच खुंटा ठोकला. ८७.४. दुसऱ्या दिवशी ८७.४. आठवड्याने ८७.४. चालणं तासाचं केलं, दोन डंबेल आणून घरात उठाबशा सुरू केल्या, तरी ८७.४. कधी ८७.७ दाखवायचा, मग दोन दिवसांनी पुन्हा ८७.४. होळीपर्यंत हेच. सात आठवडे!

एका रविवारी डोक्यात किडा वळवळला. दात घासून, अनवाणी, काट्यावर उभा राहिलो : ८७.४. उतरलो. स्वयंपाकघरातून पाव किलो साबुदाण्याचा पुडा आणला, हातात धरून पुन्हा चढलो : ८७.४. साबुदाणा कुठं गेला? पुडा ठेवून अर्धा किलो साखरेचा घेतला : ८७.९. ठेवला : ८७.४. पुन्हा साबुदाणा : ८७.४. बायको दारात उभी राहून म्हणाली, "अहो, उपास कोणाचा आहे? पुडे फोडू नका."

सोमवारी काटा पिशवीत घालून दुकानावर नेला. दुकानाच्या शिक्क्याच्या काट्यावर मी ८७.१. माझा काटा शेजारी मांडला : ८७.४. मग त्यावर २० किलोचं लोखंडी वजन ठेवलं, बरोबर २०.० दाखवलं. वजन उचलून लगेच मी उभा राहिलो : ८७.१! आमचा मापाडी बघत होता. म्हणाला, "मुनीमजी, ह्यो तर काटा मारतोय की. मागचा आकडा ध्यानात ठिवतोय, आन् जरासा फरक असला की तोच सांगतोय. तलाठ्यानं शेतात न जाता मागल्या वर्षीचा पेरा उतरवावा, तसं."

अगदी तेच आहे. मागच्या आकड्याच्या आसपास, साधारण ३०० ग्रॅमच्या आत वजन असलं की हा काटा नवं मोजून दाखवतच नाही, जुनाच आकडा चिकटवतो. म्हणजे गिऱ्हाईक पाच वेळा चढलं तरी पाचही वेळा तोच आकडा, आणि गिऱ्हाईक म्हणतं, वा, काय अचूक काटा आहे! कस्टमर केअरला चार फोन केले. पहिला म्हणाला सेल बदला. दुसरीने पाय पुसायला सांगितलं. तिसऱ्याने फरशी सपाट आहे का विचारलं. चौथा म्हणाला बदलून द्यायची दहा दिवसांची मुदत संपली. मेलाचं उत्तर वर सांगितलंच. चरबीचा आकडा एक-दोन टक्के हलला तर मी काही बोललो नसतो. पण वजनकाट्याने वजनात हात मारायचा?

इथपर्यंतचं मी मार्चमध्येच लिहून ठेवलं होतं, एक स्टार देऊन. टाकायचं राहिलं ते बरं झालं. कारण रात्री रोजमेळ मिळवताना लक्षात आलं की हिशेब जुळत नाही. काटा लपवून लपवून किती लपवणार? ३०० ग्रॅम. त्यापुढे गेलं की त्याला नवा आकडा दाखवावाच लागतो. शिक्क्याचा काटाही ८७.१ च म्हणत होता. म्हणजे सात आठवड्यांतले ३०० ग्रॅम काट्याच्या नावे, बाकीचं कोणाच्या? कमरेचा पट्टाही संक्रांतीपासून त्याच भोकावर होता, आणि त्याला तर ब्लूटूथ नाही.

भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, ९४ किलोचा माणूस जगायला जेवढं जाळतो तेवढं ८७ चा जाळत नाही. हे मला लगेच पटलं. पोतं हलकं झालं की हमाली कमी लागते. त्याने सूत्रही सांगितलं : नुसतं पडून राहण्याचा खर्च किलोमागे दिवसाला १० कॅलरी कमी होतो, हालचाल धरून माझा शंभरेक कॅलरींनी उतरला असणार. शिवाय कमी मिळतंय म्हटल्यावर शरीर आणखी हात आखडतं. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून हे मोजलं होतं. नवा व्यायाम सुरू केला की स्नायू काही दिवस पाणी धरतात, ते वेगळंच. "पण मामा, एवढ्याने सात आठवडे नाही अडत. तुम्ही खाताय काय ते तोलून बघा."

मला राग आला. मी खातो काय? दोन वेळा, दोन-दोन भाकरी. तरी ४२० रुपयांचा स्वयंपाकघरातला छोटा काटा मागवला. एक ग्रॅमपर्यंत दाखवतो, आणि काही लक्षात ठेवत नाही. मी एवढंच मागतो.

पहिल्यांदा भाकरी. ॲपमध्ये 'एक ज्वारी भाकरी, ११० कॅलरी' असं मी इमानदारीत भरत होतो. बायकोने नेहमीसारखा गोळा घेतला, मी परातीखाली काटा सरकवला : पीठ ९५ ग्रॅम. म्हणजे भाकरीला सव्वातीनशे कॅलरी. ॲपवाल्याची भाकरी बहुतेक पुण्यात थापलेली असावी. चार भाकरींचे मी ४४० लिहीत होतो, खरे तेराशे.

मग तेल. ते तोलावं लागलं नाही, किराणा वहीत होतं. पाच लिटरचा डबा महिन्यात संपतो, माणसं चार. म्हणजे माणशी रोज ३८ ग्रॅम, ग्रॅमला ९ कॅलरी धरून ३४०. तेही ॲपमध्ये कधी भरलं नव्हतं.

पण खरा चोर सापडला दुकानात, माझ्याच हातात. मोंढ्यात पोत्यात हात घालून वानगी बघायची सवय सगळ्यांना. हरभरा असला तर दाताखाली धरून ओल बघायची, आणि शेजारच्या दुकानात शेंगदाण्याचं पोतं बारा महिने उघडं. पथ्य सुरू केलं तेव्हा मी हात आवरला होता. संक्रांतीला तिळगुळाच्या निमित्ताने दुकानावर तोंड उघडलं, ते मिटलंच नाही. जाता-येता एक मूठ, तीही नेहमीच्या सवयीने उभ्याउभ्या, बोलताबोलता. ते खाणं आहे असं कधी वाटलंच नाही. छोटा काटा दुकानावर नेला. मूठ भरली, ओतली. ३८ ग्रॅम. शेंगदाण्याच्या शंभर ग्रॅमला ५६७ कॅलरी, म्हणजे मुठीला २१५. दिवसातून तीन मुठी. दोन्ही जेवणांच्या मध्ये माझं तिसरं जेवण चालू होतं, आणि मी रात्री काट्याला शिव्या देत होतो.

त्यानंतर विशेष काही केलं नाही. मूठ बंद. भाकरी चाराच्या तीन, पण वरण घट्ट आणि सकाळी दोन अंडी, म्हणजे अकरा वाजता पोत्याकडे पाय वळत नाहीत. तेल महिन्याला पाचाचं तीन लिटरवर आणलं; घरात पहिले आठ दिवस वांग्याच्या भाजीवरून तोंडं वाकडी होती, आता कोणी काढत नाही. वाचलेल्या तेलात छोट्या काट्याचे पैसे दोन महिन्यांतच वसूल झाले. होळीनंतर चौथ्या आठवड्यात ८५.८, मग लग्नसराईत थोडं थांबलं, आज ८२.६. पट्ट्याला मोच्याकडून दोन भोकं पाडून घेतली.

चरबी-बिरबीच्या आकड्यांबद्दल थोडक्यात. तळपायातून बारीकसा करंट सोडून हा काटा अंदाज बांधतो, त्यामुळे पाणी प्यायलं, घाम गेला, पाय ओले राहिले, की आकडा बदलतो. मे महिन्यात उन्हातून आल्यावर मी एका दिवसात दोन टक्के जाडा झालो होतो. आणि ॲपमध्ये 'ॲथलीट' असं बटण आहे. ते दाबलं की चरबी जागेवर पाच टक्क्यांनी उतरते. एवढा गुण मला विद्यापीठाच्या रस्त्यानेही दिला नाही.

घेतलाच असेल तर रोज चढण्याआधी त्यावर पाण्याची भरलेली बादली ठेवा, आकडा येऊ द्या, मग बादली काढून तुम्ही चढा. त्याची जुनी आठवण पुसली जाते. सकाळी मोकळं होऊन, एकाच वेळेला, आणि आठवड्याची सरासरी काढा. मला आता रोजच्या आकड्याचा राग येत नाही. ३०० ग्रॅमचा येतो.

एका स्टारचे दोन केले. दुसरा सिलिंडरसाठी. परवा नवा आला तेव्हा उभा करून बघितला : २९.६. गळ्यावर रिकामं वजन १५.४ लिहिलेलं. म्हणजे आत बरोबर १४.२. सिलिंडर आणणारा पोरगा म्हणाला, "काका, आता तुम्ही पण चढा की." मी चढलो, ८२.६ आले. मध्ये सिलिंडर ठेवलेला होता, म्हणून विश्वास ठेवला.